कंट्रोलची काच

फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मटणाच्या दुकानासमोर उभी होते, हातात बर्फ भरलेला डबा घेऊन. सकाळची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दुकानाचे मालक, ज्यांना माझी मैत्रीण हौसा आणि मी चाचा म्हणायचो, शेळीच्या डोक्यातून मेंदू अख्खा बाहेर काढत होते. आमच्या प्रयोगांसाठी हे काम ते इतकी वर्षं करत आलेत की त्यांचा हात आता आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा हलका झालाय. "बडे मॅडम आज बी नै आये?" त्यांनी मान वर न करता हौसाबद्दल विचारलं. मी म्हटलं, "अजून दवाखान्यातच आहेत." तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे हौसाचे वडील होते, आप्पा. "बाई, हौसी गेली," एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ फोन चालूच राहिला... त्यांना तो बंद करता येत नसावा, किंवा करावासा वाटत नसावा. वॉर्डात कुणीतरी स्टूल सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला. चाचांनी मेंदू डब्यात ठेवला. मी झाकण लावलं आणि दवाखान्यात जायच्या ऐवजी आधी प्रयोगशाळेत गेले, कारण शेळीचा मेंदू तासाभरात खराब होतो. तो गोठवला, डब्यावर तारीख घातली आणि मग रिक्षा केली. लोक म्हणतील, काय दगडाची बाई आहे. म्हणोत. हौसानं हेच केलं असतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात महाविद्यालयात शोकसभा झाली. हौसा म्हणजे आमच्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख, त्यामुळे सभेला गर्दी होती. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची चौथी मुलगी, आप्पांनी खरोखर हौसेनं नाव ठेवलेली, बंगळूरला जाऊन डॉक्टरेट करून आली आणि बाहेरच्या नोकऱ्या सोडून सोलापुरात येऊन बसली, हे सगळ्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. ती आणि मी बी.एस्सी.ला एका बाकावर होतो. पुढं माझे वडील वारले, मी घरासाठी प्रयोगशाळा सहायकाची नोकरी धरली, आणि काही वर्षांनी तीच हौसा माझी साहेब होऊन आली. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणायचे, दोघीच असलो की हौसा. सभेत एक जण म्हणाले, "मॅडमचं निम्मं काम या सुजाताताईंनी केलंय." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी मान खाली घातली, तर त्यांना वाटलं मला रडू आलं. त्या निम्म्या कामात मी एक काच फेकून दिली होती, आणि ते मी सभेत बोलले नाही. ते इथं लिहिते आहे.

तिचं काम काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, तेव्हा थोडा धीर धरा. मेंदूतल्या दोन पेशी जिथं एकमेकींशी बोलतात, तिथं त्या चिकटलेल्या नसतात. मधे एक फट असते, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारही नाही एवढी. एका काठावरून निरोप सुटतो, दुसऱ्या काठावर तो झेलला जातो. हे काठ समोरासमोर राहतात ते काही प्रथिनांमुळं. ती दोन्ही बाजूंनी फटीत हात घालून एकमेकांना धरून ठेवतात. आणखी काही प्रथिनं पेशीच्या आत बसून ठरवतात की कुठल्या टोकानं बोलायचं आणि कुठल्या टोकानं ऐकायचं. म्हणजे काही धरणारी, काही दिशा ठरवणारी. ह्यांतलं आधी कोण येतं, धरल्यामुळं दिशा ठरते की दिशा ठरल्यावर धरता येतं, या एका प्रश्नामागं हौसाची उमर गेली. वर्गात ती सांगायची, "आमच्याकडं रात्री मेंढरांभोवती जाळी लावतात. एक जण टोक धरून उभा राहतो, दुसरा जाळी सोडत जातो. आधी कोण कुठं ते ठरावं लागतं की. दोघांनीही टोकच धरलं तर जाळी सोडणार कोण?" पोरं हसायची. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आणि धरलेलं सुटलं तर?" हौसा म्हणाली, "मग निरोप सुटत राहतो, पण झेलणारे जागेवर नसतात." तेव्हा ते मला नुसतं एक उत्तर वाटलं होतं.

काही माणसांचं रक्त ह्याच धरणाऱ्या प्रथिनांवर उठतं. शरीर आपल्याच माणसाला परका समजतं म्हणा ना. मग माणसाला झटके येतात, विसर पडतो, स्वभाव बदलतो, आणि घरचे आधी देवऋषी गाठतात. शहरातले एक मेंदूविकारतज्ज्ञ अशा रुग्णांचं सीरम, म्हणजे रक्तातलं वरचं पाणी, रीतसर परवानगीनं आमच्याकडे पाठवायचे. मी शेळीच्या मेंदूची पातळ चकती काचेवर घ्यायची, तिच्यावर ते सीरम आणि त्यावर चमकणारा रंग घालायचा. रक्तात ती खोड असली की सूक्ष्मदर्शकाखाली चकतीवर हिरवी नक्षी उजळते. नसली की काळोख. पण नुसत्या उजेडावर विश्वास ठेवून चालत नाही. प्रत्येक वेळी शेजारी एका धडधाकट माणसाची काच ठेवावी लागते. तिला आम्ही कंट्रोल म्हणतो. ती काळी राहिली तरच बाकीच्यांचं खरं धरायचं. आमचा धडधाकट माणूस म्हणजे हौसा. दर सहा महिन्यांनी ती बाही वर करून माझ्यासमोर बसायची. मी सुई लावली की मुद्दाम गावचं बोलायची, "हळू गं, मेंढरू न्हाई मी." तिचं सीरम मी छोट्या कुप्यांत भरून फ्रीजरमधे ठेवायचे. त्यांच्यावर नाव नसायचं, फक्त कंट्रोल आणि तारीख. इतकी वर्षं तिची काच काळीच राहिली.

दिवाळी होऊन गेल्यावर अक्कलकोटच्या एका बाईचं सीरम आलं. बाई घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी, आणि महिन्याभरात दोन्ही भाषांतली माणसांची नावं विसरलेली, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. हौसाचं रक्त मी त्याच आठवड्यात ताजं काढलं होतं. दोन्ही काचा तयार केल्या. बाईची काच लावली, नक्षी लख्ख उजळली. कंट्रोलची लावली... तीही उजळली. तीच नक्षी, जरा फिकी. मी हौसाला हाक मारली. तिनं पाहिलं, मी पाहिलं, परत तिनं पाहिलं, आणि आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "मिसळलं." बाईच्या सीरमचा थेंब कंट्रोलच्या कुपीत गेला असणार, दुसरं काय असणार? माझ्या हातून असं कधी होत नाही, त्यामुळं मला रागच आला. हौसा म्हणाली, "जाऊ दे गं, दमली असशील. ही कुपी टाक, दुसरं कुणाचं तरी घे." मी माझंच रक्त काढलं. पुन्हा सगळं केलं. बाईची काच उजळली, माझी काळी राहिली. अगदी पुस्तकात असतं तसं. मी वहीत लिहिलं, कंट्रोल खराब, बदलला. खाली हौसानं सही केली. पहिली काच मी डब्यात टाकली, काचांसाठी ठेवलेल्या, जाड पत्र्याच्या. पडताना तिचा आवाज झाला तो मला ऐकू आल्याचं आठवतं, पण हे मी नंतर जोडलं असेल.

अक्कलकोटच्या बाईला वेळेत औषध मिळालं. संक्रांतीच्या आधी ती मुलाबरोबर पेढे घेऊन आली, हौसाच्या पाया पडायला लागली. हौसानं तिला उठवायला हात पुढं केला आणि तो हात मधेच एक आचका देऊन आखडला. ओठांचा कोपराही त्याच क्षणी वर ओढला गेला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. बाईला वाटलं मॅडम हसल्या, म्हणून तीही हसली. मला वाटलं, हौसाला पाया पडलेलं आवडत नाही म्हणून तोंड वाकडं केलं. पेढे चांगले होते, आम्ही दोघींनी चार-चार खाल्ले.

मग संक्रांतीला सोलापुरात भरणारी गड्ड्याची जत्रा आली. जत्रेला आप्पा दरवर्षी हौसाच्या फ्लॅटवर दोन दिवस राहायला येतात, घोंगडं आणि काठी घेऊन. त्या दिवशी तिनं मलाही जेवायला बोलावलं होतं. भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं. जेवताना तिच्या हातातला घास दोनदा ताटात पडला. ती हसून म्हणाली, "म्हातारी झाले बघ." आप्पांचं जेवण थांबलं होतं. ते तिच्याकडे असं पाहत होते की मला अवघडल्यासारखं झालं... ज्याला वाचा नाही अशा जनावराकडे बघण्यात ज्यांचा जन्म गेला, ती माणसं तसं बघतात. हात धुवायला उठल्यावर त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. "बाई, तुमी दिसभर तिच्यासंगं असता. तिचं त्वांड आन् हात वडतोय त्ये बगितलं का?" मी म्हटलं, "झोप कमी होते तिची." ते म्हणाले, "एकाच अंगाला. उजव्याच. सकाळधरनं मी बगतोय, लई येळा झालं. मेंढराच्या डोस्क्यात पानी झालं की त्ये आसंच एका अंगाला वडतं. गोल फिरतंय मग." मला हसू आलं, हे मी लपवत नाही. मी त्यांना समजावलं. तिचं काम बुद्धीचं आहे, ताण असतो, चहा फार पिते. एम.एस्सी. न झालेली बाई मेंढपाळाला मेंदू शिकवत होती. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल." एवढंच. त्यांनी कठड्यावरची काठी उचलली आणि आत गेले.

तेव्हापासून मात्र मला दिसायला लागलं, आणि दिसतंय हे मी मान्य करीना. पिपेट पकडलेला तिचा हात दचकायचा. पोरं मागं बसून तिच्या ओठांची नक्कल करायची. त्यांना मी वर्गाबाहेर काढलं, पण तिला विचारलं नाही. होळीच्या सुमारास वहीत एक प्रयोग सापडला, सोमवारी केलेला. पुढचं पान उलटलं तर तोच प्रयोग गुरुवारी, तीच मापं, तोच शेरा, "छान, प्रथमच इतकं स्पष्ट." दोन्ही हौसाच्या अक्षरात.  मी ती वही कपाटात ठेवली आणि तिला नवी दिली. प्राचार्यांनी विचारलं तर सांगितलं, मॅडमची तब्येत जरा नरम आहे. मला वाटत होतं मी मैत्रिणीची अब्रू राखतेय. जिच्या रक्तातला दोष तिच्याच प्रयोगशाळेत उजळून गेला होता, तिच्यासाठी मी दारं लावून घेत होते. ती स्वतःही हसण्यावारी नेत होती. ह्या आजाराबद्दल तिनं वाचलं नव्हतं असं नाही, आमच्या कपाटात त्यावरचे लेख पडलेत. पण आरशात आपला चेहरा बघून कुणाला छापील ओळी आठवतात?

चैत्राच्या उन्हात, भर वर्गात, ती फळ्यासमोर कोसळली. मोठा झटका होता. रक्तातलं मीठही खूप उतरलं होतं. ज्यांच्याशी आमचं इतकी वर्षं फक्त फोनवर बोलणं होतं ते मेंदूविकारतज्ज्ञ वॉर्डात आले. तिच्या हाताला आचका आला, ओठ ओढला गेला, आणि त्यांनी तिथल्या तिथं विचारलं, "हे कधीपासून आहे?" मी म्हटलं, "संक्रांतीपासून." ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यांचं सीरम लागेल, तपासणीला." तेव्हा, त्या क्षणी, मला ती काच आठवली.  मी प्रयोगशाळेत आले आणि फ्रीजर उघडला. टाकून दिलेली कुपी गेली ती गेली, पण दिवाळीनंतरच्या त्याच रक्ताची दुसरी एक कुपी मागं राहिली होती, तळाला जेमतेम थेंबभर. तिच्याआधीच्याही होत्या. तारखेप्रमाणे ओळीनं लावल्या आणि सगळ्यांच्या काचा केल्या. जुन्या काळ्या. त्यानंतरची काळी. मग एक अशी की आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. आणि शेवटची, दिवाळीनंतरची, हिरवीगार. त्या बाईचा थेंब वगैरे काही कुठं गेला नव्हता. माझा हात चुकला नव्हता, आणि हे कळल्यावर माझ्याइतकं दुःख कुणाला झालं नसेल.

औषधं सुरू झाली. झटके थांबले, मीठ सावरलं, ती बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, लवकर सुरू झालं असतं तर आठवण जास्त परत आली असती. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं नव्हतं. हौसाच्या डोक्यातले दिवाळीपासूनचे महिने मात्र पुसून गेले होते, आणि नवं काही टिकत नव्हतं. मी तिला रिपोर्ट सांगितला तर तिनं पहिलं काय विचारलं? "कंट्रोल कुणाचं घेतलंस?" मी म्हटलं, "माझं." ती म्हणाली, "का? माझं असतं की नेहमी." मग मी सगळं सांगितलं, काच, डबा, सही, सगळं. तिनं अंगावरची चादर सरळ केली. मग म्हणाली, "सुजाता, आपण दोघींनी बघितलं होतं?" मी हो म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर तिचा चेहरा स्वच्छ होता. पुन्हा तिनं तेच विचारलं, कंट्रोल कुणाचं घेतलंस. मी पुन्हा सगळं सांगितलं, तिनं पुन्हा तसंच तोंड फिरवलं, जणू पहिल्यांदाच... तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तुझी कुपी संपली होती." ती म्हणाली, "मग बरं झालं," आणि मोसंबी सोलायला घेतली. त्यानंतर मी रोज तेच सांगितलं. ती मला माफ करू शकली असती का, हे मला कधीच कळणार नाही, कारण तेवढा वेळ ती गोष्ट तिच्याजवळ राहतच नव्हती. रक्ताचं बंड मोडायला जी औषधं दिली त्यांनी अंगातली बाकी ताकदही नेली होती. छातीत कफ झाला, ताप चढला, आणि चार दिवसांत संपलं.

हौसाचे दिवस झाल्यावर आप्पा एकटेच सोलापूरला आले, थेट महाविद्यालयात. म्हणाले, "ती कुटं बसायची त्ये बगायचं हाय." मी त्यांना तिची खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत, पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी दार लावून घेतलं आणि त्यांना पहिल्यापासून सांगितलं, काचेचं, डब्याचं, वहीचं, आणि तिसऱ्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोलले तेही. त्यांनी मधे एकदाही मला थांबवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाले, "मला दिसलं हुतं. पर म्या म्हनलं, ह्या दोगी शिकल्याल्या, ह्यास्नी म्हाईत आसंल."  मग ते म्हणाले, "तुमाला जे दिसलं हुतं, त्ये मला दावा."

त्या शेवटच्या कुपीच्या थेंबातून झालेली काच एकच आहे. संगणकात फोटो आहेत, पण आप्पांना फोटो दाखवायचं माझ्या मनात आलं नाही. मी खोलीत अंधार केला, काच लावली, दिवा लावला आणि त्यांना कसं वाकायचं ते दाखवलं. टोपी काढून हातात घेतली त्यांनी. डोळा सरावायला जरा वेळ लागला. मग त्यांचा श्वास हळू झाला. "ह्ये शेळीचं डोस्कं?" "होय." "आन् ह्ये हिरवं, ही माजी हौसी?" मी म्हटलं, "तिचं रक्त आहे, आप्पा." ते बघत राहिले. हा चमकणारा रंग उजेडात टिकत नाही. ज्या दिव्यानं तो दिसतो त्याच दिव्यानं तो विझत जातो, म्हणून आम्ही झटकन बघतो आणि दिवा बंद करतो. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच दटावून सांगते. माझं बोट बटणावर होतं. एक मिनिट झालं, दोन झाली. मला तिथून न बघताही माहीत होतं की कडेची नक्षी आता गेली असणार. "कमी व्हाय लागलंय का बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "होय आप्पा. बघितलं की जातं ते. बंद करू?"

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "अजून हाय की थोडं."